झालं म्हणणारं घर

नाना, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणं लोकांना बरं दिसत नाही. फोटोला हार घालावा, सर्वपित्रीला खीर-पुरीचं पान बाहेर ठेवावं, कावळा आला की "आले बरं नाना" म्हणावं आणि हात धुऊन जेवायला बसावं, एवढंच आता माझ्याकडून अपेक्षित आहे. ते सगळं मी करते. पण मला तुमचा राग आलाय, चांगला तळपायापासून मस्तकापर्यंत आलाय, आणि तो कावळ्याला सांगण्यासारखा नाही. भांडायला माणूस समोर लागतो. तुम्ही नाही आहात, म्हणून कागद घेऊन बसले आहे. मुलगी खोलीत येऊन-जाऊन आहे, पण मराठीच्या चार ओळी वाचल्या की तिला जांभई येते, तेव्हा इथे मला काहीही लिहायची मोकळीक आहे. ती तुम्हाला फोटोतूनच ओळखते आणि तीही नानाच म्हणते. मी वडील म्हणून म्हणायचे, ती हिंदीतले नाना म्हणून म्हणते, आईचे वडील. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, तिला नाना म्हणजे तेवढेच माहीत.

देवासच्या ज्या सोयाबीनच्या कारखान्यात मी लागले म्हणून तुम्ही धारला गल्लीभर पेढे वाटले होतेत, तो कारखाना आता दुसऱ्या कंपनीनं घेतला. नवे मालक पुण्याकडचे. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की ज्यानं त्यानं आपापल्या खुर्चीसाठी नव्यानं इंटरव्ह्यू द्यायचा. पास झाला तो राहील, बाकीच्यांनी नमस्कार घ्यावा. माझी खुर्ची म्हणजे माल तपासायची. सतवासकडून, सोनकच्छकडून ट्रक येतात, त्यातला माल घ्यायचा की दारातूनच परत पाठवायचा हे मी बघते. त्या धुळीत माझे केस पांढरे झाले, आणि आता काय तर म्हणे, तुम्ही इथे काय करता ते सांगा. ह्यांचं वर्कशॉप बंद पडल्यापासून घर माझ्या पगारावर उभं आहे. मुलीचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. ही खुर्ची गेली तर या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

तर माझी तयारी घेतली माझ्या मुलीनं. तिच्या कॉलेजात कंपन्या यायच्यात, त्यामुळे इंटरव्ह्यूचं सगळं तिला तोंडपाठ. रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की मला गॅलरीत खुर्चीवर बसवायची आणि स्वतः समोर स्टुलावर, पाय हलवत, अगदी साहेबाच्या थाटात. म्हणाली, "मम्मी, वो पिछले साल के ट्रक वाली बात बताओ।" मी सांगितलं. ट्रक आया था, माल देखा गया, नीचे से गीला निकला, तो वापस हो गया. ती माझ्याकडे बघतच राहिली. "देखा गया? किसने देखा?" मी म्हटलं, अरे, देखा गया मतलब देखा गया. "मम्मी! भूत ने देखा क्या? वापस किसने किया? बोलो, मैंने देखा, मैंने वापस किया।" आणि नाना, मला ते बोलवेना. एवढी मोठी बाई मी, ट्रकवाल्यांशी भर उन्हात तोंडाला तोंड देणारी, आणि पोटच्या पोरीसमोर एक 'मैंने' निघेना. ती आधी हसली. दुसऱ्या रविवारी चिडली. म्हणाली, "नौकरी चली जाएगी ना, तब भी आप यही बोलोगी, चली गई। अपने आप चली गई।" मला ते फार लागलं. आणि त्याच मिनिटाला मला कळलं की ही खोड माझी नाही, ही तुमची आहे.

आपले पणजोबा राजवाड्याच्या फरासखान्यात होते, गालिचे अंथरायचे, तंबू ठोकायचे, दरबाराची बैठक मांडायचे. सरकारांनी विचारलं, बैठक कोणी मांडली, तर चाकरानं 'मी मांडली' म्हणायचं नाही. 'झाली जी' म्हणायचं आणि मागे सरायचं. हे तुम्ही आम्हाला किती कौतुकानं सांगायचात! राज्य गेलं, फरासखाना गेला, गालिचे कोणाच्या दिवाणखान्यात गेले देव जाणे. पण तुम्ही ते 'झाली जी' देवघरातल्या टाकांसारखं सांभाळलंत. दुसऱ्यांना त्या दरबारातून जमिनी मिळाल्या, हवेल्या मिळाल्या. आपल्या वाट्याला एक क्रियापद आलं, आणि तेसुद्धा कर्त्याशिवायचं. आई दिवसभर चुलीपुढे बसून पुरणपोळ्या करायची आणि विचारलं तर म्हणायची, "झाल्या बाई." कोणी केल्या? झाल्या. आणि मी शाळेतून धावत येऊन "मी पहिली आले" म्हटलं की तुम्ही पेपर बाजूला न करता आतून बकरीसारखं ओरडायचात, "मेऽऽऽ". सगळं घर हसायचं. मीही हसायचे, आणि पुढच्या वेळी "नंबर आला" म्हणायचे. कोणाचा आला ते विचारायची कोणाला गरज पडत नसे.

तुमच्या गोदामातला तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. धारच्या मंडीमागचं सहकारी गोदाम, पत्र्याचं छप्पर, आत गव्हाचा गरम वास. मी तुमचा डबा घेऊन आले आहे, शाळेचा गणवेश अंगावरच आहे. तुम्ही गोण्यांच्या थप्पीपाशी उकिडवे बसला आहात, हातात परखी, ती पोकळ, टोकदार लोखंडी नळी, गोणीत खुपसली की आतले दाणे घेऊन बाहेर येणारी. सरदारपूरहून आलेल्या गव्हाच्या लॉटमध्ये तुम्ही किडका माल पकडला आहे आणि वरचे कोणी साहेब जीपमधून बघायला आले आहेत. साहेब विचारतात, "किसने पकड़ा भई ये?" मी दारात उभी, छाती फुगवून, कारण मला ठाऊक आहे कोणी पकडला ते. आदल्या दिवसापासून घरात तीच गोष्ट चालली होती. आणि तुम्ही परखी पाठीमागे धरता, मान खाली घालता आणि म्हणता, "हो गया साहब।" हो गया! तुमच्या शेजारचा मॅनेजर तेवढ्यात पुढे सरकतो. "सर, मैंने ही इनको लगाया था इस काम पे।" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो पुढे बढती घेऊन इंदूरला गेला, तुम्ही त्याच गोदामात रिटायर झालात. परत येताना मी रस्ताभर विचारत होते, नाना, तुम्ही का नाही सांगितलं? तुम्ही सायकल हातानं ओढत होतात. म्हणालात, "काम झालं ना? मग झालं तर." मी त्या दिवशी तुमचा हात धरला नाही. तुमच्या लक्षातही आलं नसेल.

बरं, स्वतःपुरतं ठेवायचं होतंत. कपाळ माझं! बी.एस्सी. झाल्यावर मला पहिलं बोलावणं आलं, धारलाच, एका प्रयोगशाळेत सहायकाची जागा होती. तुम्ही स्वयंपाकघरातच माझी तयारी घेतलीत. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर मांडी घालून साहेब झाला आहात, पुढ्यात टेबल म्हणून उलटी परात. "बताइए, कॉलेज में क्या किया?" मी सांगायला लागते, मी मातीचे नमुने आणले, मी तपासले. "मेऽऽऽ." आई लाटणं थांबवून म्हणते, "अहो, पोरीला बोलू द्या की." तुम्ही डोळे वटारता. "मोठ्यांपुढे मी-मी करायचं नाही. सगळ्यांच्या सहकार्यानं झालं म्हणायचं. माणूस आपोआप कळतो." आपोआप! मग मी तसंच पाठ केलं आणि तिथे जाऊन तसंच म्हटलं. सबके सहयोग से हो गया, सर. माझ्यानंतर आत गेली ती माझ्याच वर्गातली, माझेच नमुने जिनं आपले म्हणून वापरले होते ती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला. तिनं सगळं 'मैंने' करून सांगितलं होतं आणि जागा तिला मिळाली. मी घरी येऊन भांडी आपटली तर तुम्ही काय म्हणालात? "नशिबात नव्हतं." तिथेही कर्ता दुसराच. तुम्ही नाही, मी नाही, नशीब.

देवासला लागले ती माणसं हवी होती म्हणून लागले, कोणी काही विचारलंच नाही. निघायच्या दिवशी तुम्ही जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून तुमची परखी माझ्या हातात दिलीत. रिटायर होताना तुम्ही गोदामाकडून तेवढीच मागून घेतली होती. म्हणालात, "वरून घालू नकोस कधी. गोणीच्या तोंडाशी सगळे चांगलाच माल भरतात. खालून घाल, कुशीतून. आणि ड्रायव्हर पुढे करतो ती गोणी सोडून मागची काढायला लाव." मी परखी बॅगेत कपड्यांच्या खाली टाकली. इतर पोरींना वडील घड्याळ देतात, मला लोखंडाची नळी. पण खरं सांगते, तिच्यावरच माझी नोकरी चालली. मशीन आली, ओल मोजायचे मीटर आले, तरी ट्रक संशयाचा वाटला की मी ड्रॉवरमधून तुमची परखी काढायचे आणि खालून घालायचे. पोरं हसायची, "मैडम का भाला निकला भिया, हटो।" आणि कितीदा तरी खालून ओला, काळा, कुजका माल निघाला. दर वेळी मी वर जाऊन सांगायचे, "सर, पकड़ में आ गया।" दर वेळी आमचा प्लांट मॅनेजर फोनवर सांगायचा, मैंने पकड़ा. वार्षिक समारंभात त्याला शील्ड मिळाली तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ह्यांना म्हटलं, चालायचंच. तुमचीच लेक ना मी.

आता परवाचं ऐका. मी टेकडीवरच्या देवीच्या पाया पडून आले, मुलीनं साडीच्या निऱ्या नीट केल्या, दारातून ओरडली, "मैंने बोलना, मम्मी, मैंने!" आणि मी रिक्षात बसून सबंध रस्ता ओठातल्या ओठात घोकत गेले, मैंने देखा, मैंने रोका, मैंने लौटाया. हिंदीत मला ते जमायला लागलं होतं बरं का. हिंदी तुमची नव्हती ना, तिच्यात तुमची बकरी नव्हती. आत तीन जण. मधोमध पुण्याच्या एक बाई, माझ्याहून लहान, चष्मा कपाळावर. कागदावरचं माझं आडनाव बघून त्या एकदम हसल्या. "अय्या, तुम्ही मराठी! मग मराठीतच बोलू या की." संपलं! माझ्या तोंडून निघालं, "जी, आपण म्हणाल तसं." त्यांना फार गंमत वाटली, म्हणाल्या, किती गोड जुनं मराठी आहे हो तुमचं. गोड! मग त्यांनी त्याच ट्रकचं विचारलं. आणि नाना, घोकलेलं सगळं रिक्षातच राहिलं. मी पाटावरच्या साहेबापुढे बसल्यासारखी म्हणाले, "ट्रक आला होता. माल पाहण्यात आला. खालून ओला निघाला. परत करणं झालं."

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "हो, तुमच्या मॅनेजरनी सांगितलं मघाशी. त्यांनी थांबवला ना तो ट्रक?"

मला तो मॅनेजर दिसला, धारच्या गोदामातला. तुमच्या पाठीमागे धरलेली परखी दिसली. सायकल ओढणारी तुमची पाठ दिसली, आणि माझ्या डोक्यात असं काही उसळलं की मी कुठे बसले आहे तेच विसरले. तो ट्रक उतरवून घ्या म्हणून हाच आमचा प्लांट मॅनेजर माझ्या डोक्यावर उभा होता. वरचा माल कोरडा आहे, मीटर ठीक सांगतोय, मॅडम उगाच वेळ घालवतात, हे त्याचे शब्द. मी म्हटलं, "नाही. मी थांबवला." माझा आवाज केवढा मोठा आला! बाजूच्या दोघांनी माना वर केल्या. मी म्हटलं, "ते घ्या म्हणत होते. मी नाही म्हटलं. मी मागची गोणी काढायला लावली, मी खालून परखी घातली, मी माल टेबलावर ओतून दाखवला, मी नाकारून सही केली. सही माझी आहे, काढून बघा." मी, मी, मी, मी. कानात तुमचं "मेऽऽऽ" सुरू झालं होतं, अगदी स्पष्ट. मनात म्हटलं, ओरडा. हवं तेवढं ओरडा. तुम्हाला आयुष्यभर जे म्हणता आलं नाही ते मी म्हणते आहे, आता गप्प बसा. हो, तुम्हाला गप्प बसा म्हणाले मी, आणि मला बरं वाटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पण खालून का? आमच्या पद्धतीत तर वरून नमुना घेतात." मी सांगितलं, गोणीच्या तोंडाशी सगळे चांगलाच माल भरतात. त्या इतक्या खूश झाल्या की शेजारच्यांना हिंदीत करून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "हे कुठे शिकलात तुम्ही?"

नाना, मी म्हटलं, "कुठे नाही. माझी मीच शिकले."

एका क्षणात आलं ते तोंडातून, आणि काय सफाईनं आलं! जन्मभर जो शब्द जिभेवर चढला नव्हता तो एकदा चढला तर उतरेचना. बाई म्हणाल्या, वा. आज सकाळी फोन आला. मला ठेवलंय. नुसतं ठेवलं नाही, नव्या लोकांना माल तपासायला शिकवायचं कामही माझ्याकडे दिलंय, खालून परखी घालायची ती माझी पद्धत सगळीकडे लावायची म्हणून. माझी पद्धत! मुलगी नाचली, ह्यांनी जिलबी आणली, आणि मी जिलबीचा तुकडा हातात घेऊन तुमच्या फोटोसमोर उभी राहिले तर तुमच्याकडे बघवेना. आणि याचासुद्धा राग मला तुमचाच आहे. तुम्ही एकदा, एकदाच, त्या साहेबांपुढे "मी पकडला" म्हणाला असतात, तर मला कळलं असतं की मी म्हणताना दुसऱ्यासाठी किती सोडायचं असतं. तुम्ही मला मी-मी न करणं शिकवलंत. मी म्हणायचं कसं, ते शिकवलं नाहीत. मग मी शिकले कोणाकडून? त्या मॅनेजरांकडून. एक तुमचा, एक माझा.

तेव्हा त्या खोलीत जे सांगायचं होतं ते इथे लिहिते. गोणी खालून बघायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. शिकणं झालं नाही, त्यांनी शिकवलं. सरदारपूरचा तो किडका गहू तुम्ही पकडलात. तुम्ही, नाना. ते झालं नाही, तुम्ही केलंत.

आत्ता मुलगी आली, माझ्या खांद्यावरून डोकावली. एवढं पान भरलेलं बघून म्हणाली, "किसको लिख रही हो, मम्मी?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, "किसी को नहीं। ऐसे ही, लिखा गया।"